मैत्रीपूर्ण गरगर

घरात किती वस्तू फिरतात, हे फोटोस्पर्धेत भाग घेईपर्यंत माणसाच्या लक्षात येत नाही. आणि एकदा लक्षात आलं की त्या यादीत आपलं डोकंही लवकरच जमा होतं.

आमच्या दहावीच्या वर्गाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शाळेत एका बाकावर बसून जे एकमेकांना कर्कटकानं टोचायचे, तेच आता रोज सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात. या उतारवयातल्या सज्जनपणावर उतारा म्हणून कुणीतरी दर महिन्याला फोटोस्पर्धा सुरू केली. बक्षीस काहीही नाही. 'केवळ निखळ आनंदासाठी' असं वर ठळक अक्षरांत लिहिलंय आणि त्याखाली दोन पानं नियम आहेत. जिंकणाऱ्याचा मान एवढाच, की पुढचा विषय आणि पुढचा परीक्षक तो ठरवतो. पण एवढ्याशा सत्तेसाठी माणसं काय काय करतात, हे बघायचं असेल तर साखर कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत जायचं कारण नाही.

उदाहरणार्थ, 'पाऊस' या विषयात पहिला नंबर दुबईच्या मित्राला मिळाला. त्यानं एसीतून ठिबकणारं पाणी टिपलं होतं. परीक्षक त्याचा वर्गमित्र होताच, शिवाय साडूही होता. आता दुबईकरानं विषय दिला, 'फिरणारी वस्तू', आणि परीक्षक नेमला साताऱ्याचा आमचा दातांचा डॉक्टर.

विषय जाहीर होताच पहिले दोन दिवस फोटो कुणीच काढले नाहीत. सगळे नियमांवर बोलत होते.

"फिरणारी म्हणजे स्वतःभोवती, की इकडून तिकडे?"

"औषध कंपनीत तीस वर्षं फिरतीची नोकरी केली. माझा फोटो चालेल का?"

"वस्तू म्हटलंय. तू वस्तू आहेस का?"

"हे घरी विचारून सांगतो."

एकानं तर लगेच प्रवेशिकाच पाठवली. दुपारच्या जेवणानंतर तो सोफ्यावर आडवा झाला होता, तोंड उघडं, पोटावर वर्तमानपत्र. खाली ओळ: 'पृथ्वीबरोबर मी या क्षणी तासाला दीड हजार किलोमीटरच्या वर वेगानं फिरतो आहे.' हिशेब अगदी बरोबर. विषुववृत्तावर पृथ्वीचा वेग तासाला साधारण १,६७० किलोमीटर. पुण्याच्या अक्षांशावर तो थोडा कमी होतो, तरी दीड हजारांच्या वरच राहतो. वर्गात भूगोलात नापास होणारा हाच. चाळीस वर्षांनी त्याला भूगोल कळला, तोही झोपेत.

शाळेत आमचा मॉनिटर होता, तो ग्रुपवरही मॉनिटरच आहे. त्यानं खुलासा केला, "कॅमेरा फिरवून वस्तू फिरल्याचा भास निर्माण करणाऱ्यांना बाद करण्यात येईल." त्यावर कुणीतरी म्हणालं, १९१३ साली फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा कॅमेऱ्याचाच दांडा हातानं फिरवावा लागायचा. मॉनिटर म्हणाला, "मग फाळकेही बाद." आणि चर्चा संपली.

मी कपाटातला कॅमेरा काढला. एका उत्साहाच्या भरात घेतलेला हा कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत सुखानं निवृत्तीचं आयुष्य जगत होता. पहिली वस्तू समोरच होती, किंबहुना डोक्यावरच: छताचा पंखा. मी रेग्युलेटर पाचवर नेला आणि फरशीवर उताणा झोपलो.

"पाठ धरली का?" बायकोनं विचारलं.

"फोटो काढतोय."

"मग तिकडं सरका, केर काढायचाय."

पंखा पाचवर मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला सहा. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं तर तेवढ्या वेळात पातं जेमतेम दोन अंश सरकतं. फोटो आला तो काय रेखीव! तिन्ही पाती, त्यांच्या कडा, कडांवर जमलेली काळी धूळ. मी आईला दाखवला.

आई म्हणाली, "बंद पंख्याचा फोटो कशाला काढलास? आणि चालू कर तो, उकडतंय."

"आई, हा चालूच आहे."

"बरं," आई म्हणाली. माझे वडील सिगारेट सोडल्याचं सांगायचे, तेव्हाही ती अशीच 'बरं' म्हणायची.

फिरणं दिसायला हवं हे उघड होतं. मी शटर लांबवून १/४ सेकंदावर नेलं. तेवढ्यात पंखा दीड फेरी पुरी करतो. फोटोत पंखा नावाची गोष्टच उरली नाही. नुसता राखाडी गोल.

"हे काय आहे?" मुलगी.

"पंखा."

"ही ताटली आहे, बाबा."

इथं मला या विषयातली खरी गोम कळली. वस्तू दिसली तर ती फिरत नाही, आणि फिरताना दिसली तर ती वस्तू दिसत नाही. मधला मार्ग म्हणून मी १/३० घेऊन पाहिलं. पातं साधारण पाचवा भाग फिरलं, आणि फोटो पाहून घरातल्या यच्चयावत मंडळींनी एकमुखानं सांगितलं, "हात हलला."

रात्री दिव्याच्या उजेडात पुन्हा १/१००० वर काही फोटो काढले, तर भलतंच झालं. पंखा नीट आला, पण मागच्या भिंतीवर काळपट आडवे पट्टे उमटले. याचं कारण सोपं आहे. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळं बरेच एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेरा फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं टिपत जातो, त्याला कळतं. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मी गेल्या वर्षापासून सांगतेय, भिंतीला ओल आलीय."

दुसऱ्या दिवशी रंगारी हजर. त्यानं भिंत पाहिली, फोटो पाहिला, पुन्हा भिंत पाहिली, आणि फोटोवर जास्त विश्वास ठेवला. "साहेब, आतून गेलीय. खरवडूनच काढावी लागेल." निखळ आनंदाचं पहिलं एस्टिमेट माझ्या हातात पडलं.

ग्रुपवर मदत मागणं हा पुढचा टप्पा. तोवर प्रत्येक जण तज्ज्ञ झाला होता. ज्यानं जन्मभर लोकांची रिटर्न्स भरली, तो आयएसओवर बोलत होता. "मोबाइलवर काढ, आता मोबाइल सगळं करतो," असं एकजण म्हणाला म्हणून मोबाइलवर काढला. मोबाइलचा कॅमेराही एकेक ओळ करून फोटो वाचतो. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर पातं पुढं गेलेलं असतं. त्यामुळं माझ्या पंख्याचं एक पातं वाकलं, दुसरं जाड झालं आणि तिसरं मोटरपासून सुटून हवेत तरंगायला लागलं. ग्रुपवर लगेच तीन इलेक्ट्रिशियनांचे नंबर आले.

अशा वेळी मोठ्या माणसांची आठवण धीर देते. फ्रान्समध्ये जाक आंरी लार्तिग नावाच्या पोरानं विशीही गाठली नव्हती, तेव्हा एका शर्यतीच्या मोटारीचा फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याचं शटरही असंच चिरेतून सरकणारं. चाक पुढं झुकलेलं अंडाकृती आलं आणि कडेचे प्रेक्षक मागं कलले. फोटो बिघडला म्हणून त्यानं तो बाजूला टाकून दिला. पुढं कित्येक दशकांनी त्याच फोटोनं त्याला जगभर नाव मिळवून दिलं, वेगाचं चित्र म्हणून लोक आजही त्याकडंच बोट दाखवतात. माझा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरला, 'पंख्याखाली झोपू नका' या सूचनेसह.

मग मी भोवऱ्याकडं वळलो. तो मिळवणं हीच एक मोहीम ठरली. पहिल्या दुकानदारानं प्लास्टिकचा दिला, त्यात लाइट होती आणि फिरताना तो कसलंसं चिनी गाणं म्हणायचा. शेवटी पेठेतल्या एका जुन्या दुकानात लाकडी भोवरा मिळाला, लाल-हिरव्या पट्ट्यांचा, खाली लोखंडी आर, सोबत सुती जाळी. लहानपणी मी भोवरा वरच्यावर झेलून तळहातावर फिरवत असे, अशी माझी आठवण आहे. हाताची आठवण वेगळी निघाली. जाळी गुंडाळून मी भोवरा फेकला, तो सरळ जाऊन बैठकीतल्या टाइलवर आपटला आणि तिचा टवका उडवून सोफ्याखाली शिरला. बाहेर निघाला तो बऱ्याच वर्षांपूर्वी हरवलेला टीव्हीचा रिमोट बरोबर घेऊन. त्यामुळं घरात भोवऱ्याला थोडी सहानुभूती मिळाली.

सरावानं तो जमला. चांगला फेकलेला भोवरा सुरुवातीला डगमगतो, घरंगळतो, मग जागा धरतो आणि इतका ताठ होतो, की फिरतोय यावर विश्वास बसू नये. पट्टे एकमेकांत विरघळून जातात, आर एका ठिपक्यावर रोवून राहते, कान जवळ नेला तर फक्त बारीक गुणगुण. तो नेमका क्षण मी पोटावर झोपून पकडला. फोटो पाहून शेजारचे काका म्हणाले, "वा! कशानं चिकटवलास?"

हे काका निवृत्तीपर्यंत एका कारखान्यात लेथवर होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. जुन्या ट्यूबलाइटच्या लुकलुकीशी फिरत्या लेथचा वेग जुळला, की लेथ थांबल्यासारखं दिसायचं. कुणी विश्वासानं हात घालू नये म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडत. मला एकदम हॅरॉल्ड एजर्टन आठवले. अमेरिकेत एमआयटीत विजेचे अभियंते. १९३०च्या सुमारास त्यांना फिरत्या मोटारीच्या आत काय चाललंय ते बघायचं होतं. मोटार थांबवली तर बघण्यासारखं काही उरत नाही. म्हणून त्यांनी मोटार फिरती ठेवली आणि दिवा तिच्या वेगाशी जुळवून लुकलुकवला. दर फेरीला तोच क्षण उजळला, की मोटार उभी दिसायची. पुढं त्याच वाटेनं त्यांनी दुधाच्या थेंबातून उठणारा मुकुट टिपला, १९५७ साली. मी भारावून हे सगळं आईला सांगितलं.

आई म्हणाली, "ट्यूबचा स्टार्टर गेला की आपल्याकडंही हेच व्हायचं. तुझ्या बाबांनी त्याचं कधी कौतुक करवून घेतलं नाही."

दिवे-फ्लॅशच्या या विचारातूनच मिक्सरचा मोह झाला. घरातली सर्वांत वेगवान वस्तू तीच. मोकळा फिरला तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे. १/१००० सेकंदातसुद्धा पातं शंभर अंशांहून जास्त फिरून जातं. ज्यानं पंखा पाहून समाधान मानलं, त्यानं मिक्सरच्या वाटेला जाऊ नये. पण झाकण लावलेल्या भांड्यात पातं दिसत नाही, आणि नुसतं पातं फिरवलं तर फोटोत रंग येत नाही. म्हणून मी कोथिंबीर, मिरच्या, ओलं खोबरं आणि थोडं पाणी घातलं, वरून कॅमेरा रोखला आणि झाकण न लावता बटण दाबलं.

ट्रायपॉड नव्हता. कॅमेरा साखर, रवा आणि तूरडाळीच्या डब्यांवर रचून ठेवला होता. त्याच वेळी आई आत आली. "अरे, मधला डबा काढते हं, वरण टाकायचंय."

पुढचा क्षण एजर्टन असते तर टिपला असता. चटणी सरळ वर गेली. तेवढ्यावर भागलं असतं, पण आमच्या स्वयंपाकघरात जुन्या घराच्या पद्धतीचा छताचा पंखा आहे आणि तो पाचवर होता. त्यानं ती चटणी हातोहात घेतली आणि चारी भिंतींना समान वाटून दिली. बायको दारात आली. तिनं भिंती पाहिल्या, पंखा पाहिला, मला पाहिलं.

"फिरताना पाहिली ना? आता पुसताना पाहा."

रंगारी एव्हाना बैठकीत खरवडत होता. तो डोकावला, भिंतीवर बोट फिरवलं, चाखलं, म्हणाला, "मीठ कमी आहे," आणि एस्टिमेट वाढवलं.

गेल्या दिवाळीतलं एक भुईचक्र उरलं होतं. श्रावणातल्या हवेत ते पुरतं सादळलेलं. गच्चीवर नेऊन मी ते पेटवलं, पेटेना. पुन्हा काडी लावली, नुसता धूर. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि ते नियम सांगायला लागताच भुईचक्राला कंठ फुटला. दोन सेकंदांच्या फोटोत सोनेरी वर्तुळं सुरेख आली आहेत, आणि त्या वर्तुळांमधून हवेत उचललेली एक चप्पलही. चप्पल कुणाची हे सांगायची मला मनाई आहे. मीटिंगच्या इतिवृत्तात तसं लिहून घेतलंय.

खरा फोटो मात्र मला मंगळागौरीनं दिला. बायकोच्या मैत्रिणींच्या घोळक्यात मला प्रवेश मिळाला तो स्टुलावर चढून फुगडीचे फोटो काढण्याच्या अटीवर. आईनं दाराशी बसून दोघींना सूचना दिल्या, "पावलं जोडा, हात ताठ, मागं झुका. घाबरू नका, तिनं सोडलं तर तूही पडशील, म्हणून ती सोडणार नाही." फुगडीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं. मी १/१५ वर शटर ठेवून वरून फोटो काढले.

आणि एक फोटो असा आला, की मीच स्टुलावरून पडायचा राहिलो. फुगडीत पावलं आणि धरलेले हात मध्याशी असतात, अंगं बाहेर झुकलेली. त्यामुळं मधली जवळजवळ जागच्या जागी, कडेची भरधाव. फोटोच्या मधोमध अढी घालून धरलेले चार हात लख्ख आले होते. हिरव्या बांगड्या एकेक मोजून घ्याव्यात, मनगटाजवळ ताणलेली शीर, दाबामुळं पांढरी पडलेली बोटांची पेरं. भोवती दोन रंगांचं वादळ. त्या वादळात कुठंतरी दोन बायका होत्या.

त्या दोन बायका फोटो बघायला आल्या.

"माझा चेहरा कुठंय?"

"तोच, तो जांभळा भाग."

"जांभळा भाग ही माझी पैठणी आहे. पंचवीस हजारांची. निदान काठ तरी दिसायला नको?"

"वहिनी, काठ फिरतोय."

"फोटो काढायचा होता तर थांबवायचं ना मग! आम्ही पुन्हा धरतो हात, नीट काढा." आणि त्या दोघी हात धरून, मान वळवून, हसून, निश्चल उभ्या राहिल्या. मागून आणखी सहा जणी उभ्या राहिल्या. तो फोटो सगळ्यांना अतिशय आवडला. त्यांच्या घरच्या मोबाइलांवर तो अजून आहे, 'फुगडी' या नावानं.

मी मात्र चार हातांचा फोटो स्पर्धेला पाठवला. ग्रुपवर बऱ्याच प्रवेशिका येऊन पडल्या होत्या. न्यू जर्सीच्या मैत्रिणीनं कपड्यांच्या ड्रायरच्या काचेआड गरगरणारं नऊवारी पातळ टिपलं होतं. सरकारी खात्यातल्या एकानं रिकामी फिरती खुर्ची पाठवली होती, पाठीवर कोट अडकवलेली. ओळ: 'साहेब फिरतीवर आहेत.' एकानं विमानतळावरचा सामानाचा पट्टा आणि त्यावर न आलेल्या बॅगेची जागा. माझ्या फोटोला परीक्षकांचा अभिप्राय आला. "हात स्वच्छ आलेत. पण स्थिर आहेत. फिरतंय काय?" खाली बँकेतल्या मित्रानं, "आणि जे फिरतंय ते काय आहे?" असं विचारून गोम पुरी केली.

शेवटच्या रात्री, मुदत संपायला काही मिनिटं असताना, मॉनिटरनं आपला फोटो टाकला. छताचा पंखा. तिन्ही पाती लख्ख, मोटरवरचं स्टिकर वाचता येईल इतकं स्पष्ट. ओळ: 'पूर्ण वेगात.' ग्रुप हेलावला. "काय शटर स्पीड आहे!" "काळ थांबवलास गड्या!" रिटर्न्सवाला म्हणाला, हा १/८००० चाच असणार. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, "प्रत्येक पातं वेगळं दिसतंय. अशी स्वच्छता क्वचित पाहायला मिळते," आणि निकाल लावून टाकला.

मी तो फोटो बोटांनी मोठा केला. इतके दिवस पंख्याखाली झोपून काढल्यावर तेवढा अधिकार होता. पात्याच्या टोकापासून छताच्या हुकापर्यंत एक जळमट ताणलेलं होतं, बारीक, अखंड, मध्येच एक वाळलेली माशी. पूर्ण वेगात फिरणाऱ्या पंख्याच्या पात्याला छताशी बांधून ठेवणारं ते जळमट मी बराच वेळ पाहिलं. मग लिहायला घेतलं, 'जरा हुकाजवळ मोठं करून पाहा...' तेवढ्यात नियमावलीतलं दुसरं पान आठवलं: जिंकणाऱ्यानं पुढचा परीक्षक ठरवायचा. लिहिलेलं खोडलं आणि लिहिलं, "अप्रतिम! यालाच म्हणतात नजर."

मिनिटभरात मॉनिटरचा खासगी मेसेज आला.

"मोठा करून पाहिलास ना?"

"कशाला? लांबूनच कळतं, जिवंत फोटो आहे."

"शाळेपासून तू समजूतदार. पुढच्या महिन्यात परीक्षक तू."

मी ताबडतोब होकार दिला. परीक्षकाला फोटो काढावे लागत नाहीत, आणि रंगाऱ्याचे अजून दोन हात बाकी आहेत.